यॉर्क बघावं ते तटावरून

इंग्लंडमधल्या यॉर्कला येणारे बहुतेक जण स्टेशनाबाहेर पडले की गर्दीच्या ओघात पूल ओलांडतात आणि थेट शॅम्बल्स या जुन्या गल्लीत शिरतात. दोन तास गल्ल्यांमधून फिरून पाय बोलायला लागतात. मिन्स्टरच्या, म्हणजे इथल्या भव्य मुख्य चर्चच्या दारात पोचेपर्यंत दुपार टळलेली असते आणि तट तर राहूनच जातो. इथे येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही नेमकं उलट्या क्रमाने फिरवतो. आधी तट, मग मिन्स्टर आणि त्यानंतर गल्ल्या. या क्रमाला कारण आहे. हे शहर थरांवर थर चढत वाढलंय आणि ते थर तटावरून जितके स्वच्छ कळतात तितके रस्त्यावरून कळत नाहीत.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडीने साधारण दोन तास लागतात. तिकीट आयत्या वेळी काढलं तर जबर महाग पडतं. तेच काही आठवडे आधी, ठरावीक गाडीचं काढलं तर निम्म्याहूनही कमीत मिळू शकतं. दोघं मिळून प्रवास करणार असाल किंवा साठीच्या पुढचं कोणी सोबत असेल, तर त्या-त्या प्रकारचं रेलकार्ड घ्यावं. भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते आणि लांबच्या एक-दोन प्रवासांत कार्डाचे पैसे वसूल होतात. गाडी घेऊन येणाऱ्यांनी ती शहराबाहेरच्या पार्क अँड राइडला लावून बसने आत यावं. जुन्या भागातले बरेच रस्ते दिवसा वाहनांना बंद असतात आणि एकेरी वाटांमध्ये अर्धा तास सहज वाया जातो.

स्टेशनाच्या मुख्य दारातून बाहेर पडलं की समोरच हिरव्या उतारावर तट दिसतो. तिथून पुलाकडे न जाता उजवीकडे वळावं. पाच-सात मिनिटांवर मिकलगेट बार आहे. बार म्हणजे इथे शहराची वेस. लंडनकडून येणारा रस्ता या वेशीतून आत शिरत असे, त्यामुळे राजाच्या शत्रूंची मुंडकी इथेच टांगत. 1460 मध्ये वेकफिल्डच्या लढाईत मारल्या गेलेल्या ड्यूक ऑफ यॉर्कचं मुंडकं कागदी मुकुट घालून याच वेशीवर लावलं होतं. वेशीशेजारच्या जिन्याने तटावर चढावं आणि डाव्या हाताला, म्हणजे लेंडल पुलाकडे चालायला लागावं. दिशा महत्त्वाची, कारण अशा चालीत मिन्स्टर सतत समोर राहतं. उलट्या दिशेने आलात तर दर दहा पावलांवर मागे वळून बघावं लागेल.

तटावर चढायला पैसे लागत नाहीत. दरवाजे सकाळी आठला उघडतात आणि अंधार पडायच्या सुमाराला बंद होतात. जूनमध्ये साडेनऊनंतरही उजेड असतो, पण डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो. हिवाळ्यात तट दुपारवर ढकलला की हुकलाच म्हणून समजा. बर्फ किंवा दव गोठलेलं असेल तर दरवाजे उघडतच नाहीत. जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत, दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि पावसात चांगलेच निसरडे होतात. वरची वाट काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढीच रुंद आहे. शिवाय बऱ्याच भागात आतल्या बाजूला कठडा नाही. लहान मुलाला बाहेरच्या भिंतीकडून चालवावं आणि हात सोडू नये. बाबागाडी वर नेता येत नाही, कुत्र्यांना आणि सायकलींनाही मनाई आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सगळा तट चालायचा हट्ट धरू नये. एकूण लांबी सुमारे 3.4 किलोमीटर आहे. पूर्ण फेरीला थांबत-थांबत दोन तास लागतात आणि वाटेत अनेकदा उतरून पुन्हा चढावं लागतं.

या पहिल्या टप्प्यात खाली रेल्वेने पाडलेल्या कमानी दिसतात. 1841 चं जुनं स्टेशन तटाच्या आत होतं, तिथवर रूळ न्यायला तटालाच भोकं पाडली. आजचं स्टेशन 1877 चं, तटाबाहेरचं. तटावरचं खरं संकट मात्र त्याआधी येऊन गेलं होतं. 1800 मध्ये नगरपालिकेनेच तट पाडायची परवानगी मागितली होती. देखभाल परवडत नव्हती आणि वेशींमुळे रहदारी अडत होती. वेशींच्या पुढची संरक्षक आवारं एक सोडून सगळी पाडली गेली. उरलेलं वाचलं ते विरोध करणाऱ्या नागरिकांमुळे. त्यांत चित्रकार विल्यम एटी पुढे होता. त्याचा पुतळा एक्झिबिशन स्क्वेअरमध्ये आहे आणि तिथूनच रोज सकाळी सव्वादहाला शहराचे स्वयंसेवक मार्गदर्शक फुकट फेरी काढतात. दोन तासांची फेरी, बक्षिसीसुद्धा घेत नाहीत. माहितीचा दर्जा पैसे घेणाऱ्या कित्येक फेऱ्यांपेक्षा वरचा आहे. एकच दिवस हाताशी असेल तर ही फेरी अवश्य धरा.

लेंडल पूल ओलांडला की डाव्या हाताला म्युझियम गार्डन्स. आत शिरल्यावर उजवीकडे एक बहुकोनी बुरूज आहे, मल्टँग्युलर टॉवर. बरेच लोक फोटो काढून दोन मिनिटांत पुढे जातात. तुम्ही थांबा आणि भिंत खालून वर निरखून बघा. खालचे दगड विटेएवढे लहान, चौकोनी, नेटक्या ओळींत बसवलेले आहेत आणि मधून लाल विटांचा एक पट्टा आडवा गेलाय. तो भाग रोमन. त्याच्या वर दगडांचा आकार एकदम मोठा होतो, ओळी बदलतात आणि क्रुसाच्या आकाराच्या, बाण मारायच्या फटी दिसू लागतात. ते मध्ययुगीन काम. दोन्हींमध्ये जवळजवळ हजार वर्षांचं अंतर आहे आणि दुसऱ्याने पहिल्याच्या डोक्यावर पाय ठेवून बांधलंय. रोमन सैन्याने इ.स. 71 मध्ये इथे किल्ला वसवला. हा त्याचा एक कोपरा. सेप्टिमियस सेव्हेरस हा सम्राट 211 मध्ये याच गावात वारला आणि 306 मध्ये कॉन्स्टंटाइनला सैन्याने इथेच सम्राट म्हणून घोषित केलं. बुरजाच्या आतल्या बाजूला जायलाही वाट आहे, तिथे रोमन दगडी शवपेट्या मांडल्यात. बागेतच सेंट मेरीज मठाचे अवशेष उभे आहेत. आठव्या हेन्री राजाने मठ बंद केले, त्यानंतर याचे दगड लोकांनी इतर बांधकामांना नेले.

बागेतून एक्झिबिशन स्क्वेअरला आलं की समोर बूथम बार. इथून मंक बारपर्यंतचा तट सगळ्यांत सुंदर. वीस मिनिटं पुरतात, पण अर्धा तास धरावा. ज्यांना एकच टप्पा झेपणार आहे त्यांनी हाच निवडावा. आतल्या बाजूला डीनरीच्या, म्हणजे मिन्स्टरच्या प्रमुख धर्मगुरूच्या घराच्या बागा आणि त्यांच्या मागे मिन्स्टरचं अख्खं अंग दिसतं. रस्त्यावरून ते कधीच पूर्ण नजरेत मावत नाही, कारण घरं अगदी जवळ आहेत. तटाचा हा कोपरा रोमन किल्ल्याच्याच रेषेवर आहे. मिन्स्टर मात्र त्या रेषेला तिरकं उभं आहे. रोमनांनी किल्ला नदीच्या हिशेबाने आखला, चर्च बांधणाऱ्यांनी पूर्व-पश्चिम दिशा धरली. दोन आखण्यांमधला हा तिढा तटावरून नकाशाशिवाय कळतो.

मंक बारला उतरून मागे मिन्स्टरकडे यावं. सोमवार ते शनिवार पर्यटकांना साधारण साडेनऊपासून सोडतात, रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने दुपारनंतर. लग्न, पदवीदान किंवा मोठी प्रार्थना असेल तर दारं बंद असतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी संकेतस्थळावर एकदा बघावंच. सकाळीच जायचं ते प्रकाशासाठी. सगळ्यांत मोठी खिडकी पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तिच्या मागे असतो तेव्हा निळे आणि लाल रंग पेटतात, दुपारी तीच खिडकी शांत, काहीशी करडी वाटते. पश्चिमेची, हृदयाच्या आकाराची जाळी असलेली 1330 च्या दशकातली खिडकी दुपारनंतर बघावी. तेव्हा आत शिरल्यावर पाठीमागे न बघता सरळ पूर्वेच्या टोकाला चालत जावं, बाकीचं परतताना.

ही पूर्वेची खिडकी जॉन थॉर्नटन या कोव्हेंट्रीच्या काचकाराने 1405 ते 1408 या तीन वर्षांत पूर्ण केली. मुदत करारातच घातली होती. मोबदला 56 पौंड. आकार टेनिसच्या मैदानाएवढा. नुसती मान वर करून बघितलं तर डोळ्यांपुढे फक्त रंग नाचतात, काही उमजत नाही. ती वाचावी लागते, आणि वाचायची पद्धत आहे: डावीकडून उजवीकडे, वरून खाली. अगदी टोकाला देव, हातात पुस्तक. त्याखालच्या जाळीत देवदूत, संदेष्टे, संत. मग मुख्य चौकटींच्या पहिल्या तीन ओळी बायबलमधल्या जुन्या कराराच्या, सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू होणाऱ्या. त्याखालच्या नऊ ओळी जगाच्या अंताच्या: सात डोक्यांचा पशू, समुद्रात कोसळणारे पर्वत, कर्णे फुंकणारे देवदूत. तळाच्या ओळीत राजे आणि धर्मगुरू. म्हणजे आरंभापासून अंतापर्यंतचा सगळा काळ एका भिंतीत. यासाठी छोटी दुर्बीण न्यावी, आठ पट मोठं दाखवणारी पुष्कळ झाली. दुर्बिणीतून एकेका चेहऱ्यावरच्या रेषा दिसतात. मऊ नाक, जड पापण्या, दाढीचे कुंचल्याने ओढलेले केस. एवढ्या उंचीवर जमिनीवरून कोणालाच दिसणार नाहीत, तरी त्या रेखल्या आहेत. दहा वर्षांच्या डागडुजीनंतर 2018 मध्ये ती पूर्ण परत बसली. प्रत्येक तुकडा काढून, साफ करून, तडे जोडून. बाहेरच्या बाजूने आता अतिनील किरण अडवणारी वेगळी काच आहे, म्हणजे ऊन-पाऊस थेट जुन्या काचेवर येत नाही.

उत्तरेकडच्या आडव्या दालनात फाइव्ह सिस्टर्स, पाच उंच सडसडीत खिडक्या. त्या 1260 च्या सुमाराच्या. रंग जवळजवळ नाहीच, राखाडी-हिरवट काचेचे एक लाखाहून जास्त तुकडे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या स्त्रियांचं स्मारक म्हणून त्या जपल्या आहेत. त्याच्या बरोबर समोर, दक्षिणेच्या दालनात, गुलाबाची खिडकी. 9 जुलै 1984 च्या पहाटे या दालनाचं छप्पर पेटलं. वीज पडून लागली असावी असं मानतात. आग मधल्या मनोऱ्याकडे सरकू नये म्हणून अग्निशमनवाल्यांनी पाण्याच्या माऱ्याने पेटतं छप्पर मुद्दाम खाली पाडलं. खिडकीच्या काचेला हजारो तडे गेले पण ती जागची हलली नाही. काही वर्षांपूर्वीच तिची शिशाची जोडणी नवी केली होती, तिने धरून ठेवलं. नव्या छताच्या जोडांवरच्या लाकडी गाठींपैकी सहा मुलांनी काढलेल्या चित्रांवरून कोरल्या आहेत. त्यांत चंद्रावर उतरलेला माणूसही सापडतो. इथेही दुर्बीण लागतेच.

लोक विचारतात, दगडी इमारत जळते कशी? कारण छताच्या कमानी दिसायला दगडी असल्या तरी लाकडी आहेत. मधलं दालन इतकं रुंद आहे की दगडी कमानीचा भार भिंतींना पेलला नसता, म्हणून लाकडात करून दगडासारखी रंगवली. 1829 मध्ये एका माथेफिरूने आग लावली, 1840 मध्ये कारागिराच्या हलगर्जीपणाने लागली. अष्टकोनी चॅप्टर हाउसमध्येही, म्हणजे धर्मगुरूंच्या सभेच्या दालनातही, हेच तंत्र दुसऱ्या कारणासाठी वापरलंय. मधे एकही खांब नाही, सगळा भार वरच्या लाकडी सांगाड्याने तोललाय. तिथे बाकांच्या वर कोरलेली बारीक डोकी आहेत, माकडं, जिभा काढणारी माणसं. मुलं तिथे अर्धा तास रमतात. जाता-जाता राजांच्या पडदीवरचे पुतळेही मोजायला सांगा: दाराच्या एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला आठ. त्यामुळे दार मधोमध नाही.

तळघर तिकिटातच असतं, तरी निम्मे लोक चुकवतात. 1967 साली मधला मनोरा खचतोय असं लक्षात आलं. पाया खणायला घेतला तर खाली रोमन मुख्यालयाच्या भिंती निघाल्या. आज तिथे रोमन रंगवलेला गिलावा, नॉर्मन पाया आणि विसाव्या शतकातले काँक्रीटचे ठोकळे, त्यांतून आरपार गेलेल्या पोलादी सळ्यांचे बोल्ट, सगळं एकाच ठिकाणी दिसतं. मधल्या मनोऱ्यावर जायला वेगळं, वेळ ठरलेलं तिकीट लागतं. 275 पायऱ्या, गोल फिरणारा अरुंद जिना, मधे माघार घ्यायची सोय जवळजवळ नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. वारा जोराचा असला की फेरी रद्द होते. उंचीची किंवा कोंडल्या जागेची भीती असेल तर मोह आवरावा. तट चालून झाल्यावर लगेच मनोरा घेऊ नका, पोटऱ्या भरून येतात.

पैसे वाचवायचे असतील तर इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायल्या जाणाऱ्या प्रार्थनेला जावं. बहुतेक दिवशी साडेपाचला असतं, रविवारी चारला. प्रवेश मोफत, कुठल्याही धर्माच्या माणसाला. फिरता येत नाही, फोटो काढायचे नाहीत, पण गायकवृंदाजवळ बसायला मिळतं आणि त्या छताखाली आवाज कसा फिरतो ते फक्त तेव्हाच कळतं. पंधरा मिनिटं आधी पोचावं.

जेवणाची चिंता नको, शॅम्बल्सच्या मागच्या बाजारात शाकाहारी पदार्थांचे ठेले असतात. सेंट हेलन्स स्क्वेअरमधल्या बेटीज या चहागृहात मात्र शनिवार-रविवारी लांब रांग लागते. जायचंच असेल तर सकाळी उघडताच.

दुपारी गुडरमगेटला लेडी रो बघा. 1316 ची घरांची ओळ, अजून खाली दुकानं चालू आहेत. तिच्यामधल्या एका लहानशा कमानीतून आत गेलं की होली ट्रिनिटी चर्च. विजेचे दिवे नाहीत, फरशी उंचसखल, आणि दारं असलेले चौकोनी लाकडी बाक. कुटुंबाने आत बसून दार लावून घ्यायचं. बाहेरच्या गोंगाटापासून ते वीस पावलांवर आहे आणि बहुतेकदा रिकामं असतं.

शॅम्बल्स ही खाटकांची गल्ली. 1872 मध्ये इथे पंचवीस खाटीक होते, आज एकही नाही. मात्र खिडक्यांखालच्या रुंद फळ्या आणि मांस टांगायचे आकडे काही दुकानांना अजून आहेत. वरचे मजले पुढे झुकलेत. त्यामुळे गल्लीत ऊन कमी येई आणि मांस टिके. दोन्ही बाजूंचे पदपथ उंच ठेवलेत, कारण मधल्या खोलगट भागातून रक्त आणि घाण धुऊन न्यायची असे. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच इथे पाऊल टाकायला जागा नसते. नऊच्या आत किंवा सहानंतर यावं. फोटो त्याच वेळी नीट येतात.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात वॉल्मगेट बारने करावी. वेशीपुढचं संरक्षक आवार इंग्लंडभरात फक्त इथे शिल्लक आहे. तिथून तटावरून फिशरगेट बारकडे जा. त्याच्या कमानीच्या दगडांवर तांबूस डाग दिसतील, 1489 च्या दंगलीत दरवाजा जाळला होता त्याच्या खुणा. आगीत हा चुनखडीचा दगड लालसर होतो.

क्लिफर्ड्स टॉवर जवळच. मातीची टेकडी इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाच्या काळातली, वर जायला 55 पायऱ्या. आधी पायथ्याची पाटी वाचावी. 16 मार्च 1190 रोजी यॉर्कमधल्या ज्यू कुटुंबांनी जमावापासून जीव वाचवायला वरच्या लाकडी बुरुजात आसरा घेतला होता. सुमारे दीडशे माणसं मेली. बहुतेकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा स्वतः मरण पत्करलं, बाहेर आले त्यांना ठार केलं गेलं. आजचा चार पाकळ्यांचा दगडी बुरूज तेराव्या शतकातला. टेकडी खचल्याने त्याला उभा तडा गेलाय, तो बाहेरून दिसतो. 2022 पासून आत लाकडी मचाण आहे. त्यावरून शहराचं चहूबाजूंनी दर्शन होतं आणि तिसऱ्या हेन्री राजासाठीचा शौचकूपही बघता येतो.

वायकिंगांच्या काळातलं शहर दाखवणाऱ्या जॉर्विक केंद्राचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढावं, सुट्ट्यांत दारात मिळत नाही. वायकिंगांनी 866 मध्ये शहर घेतलं, त्यांची घरं इथेच 1976 ते 1981 च्या उत्खननात सापडली. जमीन ओली आणि हवाबंद असल्याने लाकूड, चामडं, कापड कुजलं नाही. विणलेला लोकरी मोजासुद्धा टिकला. फिरत्या गाडीतून दाखवलेला देखावा मुलांना आवडतो, वासही सोडतात. मोठ्यांनी शेवटच्या दालनातल्या वस्तूंना वेळ राखून ठेवावा. फॉसगेटवरचं मर्चंट अ‍ॅडव्हेंचरर्स हॉलही चुकवू नका. 1357 मध्ये सुरू झालेलं, मोठमोठ्या ओकच्या तुळयांचं, वर व्यापाऱ्यांचं सभागृह आणि खाली गरिबांचं इस्पितळ.

पावसाळी हवेत नदीकाठाचा भरवसा धरू नये. इथे पाऊस नसतानाही वरच्या डोंगराळ भागातलं पाणी एक-दोन दिवसांनी उतरतं आणि ऊझ नदी किंग्ज स्टेथ या काठच्या रस्त्यावर चढते. रस्ता बंद दिसला तर फलक ओलांडून पुढे जाऊ नका, पाण्याखाली पायऱ्या आहेत.

नॅशनल रेल्वे म्युझियम परतीच्या गाडीआधी ठेवावं. ते स्टेशनाच्या मागच्या अंगाला, चालत दहा मिनिटांवर आहे आणि प्रवेश फुकट. 1938 मध्ये ताशी 126 मैलांचा, वाफेच्या इंजिनांचा आजही न मोडलेला विक्रम करणारं मॅलार्ड इथेच उभं असतं. जपानच्या शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीचा, पहिल्या पिढीतला डबाही आहे, आत बसता येतं. दारं पाचला बंद होतात. अडीच-तीन तास तरी हाताशी ठेवा आणि गाडी साडेपाचनंतरची काढा.